पार, तळे आणि उद्यान

बंगळूर शहराच्या जुन्या भागात, वर्दळीच्या रस्त्याच्या अगदी कडेला, एखादा पिंपळ आणि त्याभोवती बांधलेला दगडी चौथरा अजूनही आढळतो. कानडीत त्यास ‘कट्टे’ म्हणतात. मराठी वाचकास ‘पार’ म्हटले की पुरे. पिंपळाशेजारी बहुधा कडुनिंब असतो आणि चौथऱ्यावर नागप्रतिमा कोरलेल्या शिळा मांडलेल्या असतात. सकाळी येथे स्त्रिया प्रदक्षिणा घालतात, दुपारी फळविक्रेता आपली हातगाडी सावलीत आणून लावतो, सायंकाळी वृद्ध मंडळी येऊन बसतात. यांपैकी कोणीही कोणाची परवानगी घेत नाही. पाराला दार नसते.

सार्वजनिक सोय म्हणजे काय, हे समजून घेण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. नळ, दिवाबत्ती, ग्रंथालय, क्रीडांगण, उद्यान या सोयी शहरात किती आहेत याचा हिशेब ठेवता येतो व तो ठेवलाही जातो. परंतु त्या कोणास, कोणत्या वेळी आणि किती सहज मिळतात, यावरच तेथील लोकजीवनाचे स्वरूप ठरते. बंगळूरच्या तळ्यांचा व उद्यानांचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. कारण या शहराने अशा जागा निर्माण केल्या, गमावल्या आणि काही पुन्हा मिळविल्याही.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर हे शहर वसले आहे. येथे बारमाही मोठी नदी नाही. पावसाचे पाणी काही पूर्वेस दक्षिण पिनाकिनीकडे, तर काही पश्चिमेस वृषभावती व अर्कावती यांच्या वाटेने कावेरीकडे वाहून जाते. १५३७ साली केंपेगौडा याने शहराची स्थापना केली असे मानले जाते. वस्ती टिकवावयाची तर वाहून जाणारे पाणी अडविणे भाग होते. म्हणून सखल जागी बांध घालून तळी केली गेली. एक तळे भरले की त्याचे पाणी पाटाने खालच्या तळ्यात जावे, अशी त्यांची साखळी असे. १६३८ नंतर शहाजीराजे येथे राहावयास आले, तेव्हा हे तळ्यांचेच गाव होते.

तळे म्हणजे केवळ पाण्याचा साठा नव्हे. त्याच्या काठी परीट कपडे धूत, गुराखी जनावरे पाण्यावर आणीत, कोळी जाळे टाकीत. पाणी ओसरले की तळातील गाळ शेतकरी व कुंभार घेऊन जात. खालच्या बाजूस भाजीमळे आणि फुलबागा असत. गावाबाहेर आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांची सामाईक राई असे. तिला कानडीत ‘गुंडुतोपु’ म्हणतात. एकाच पाण्यावर इतक्यांचा हक्क असल्यामुळे कोणी केव्हा व किती घ्यावे, हे आपसांत ठरवावे लागे. त्यात भांडणे होत, आणि सर्वांना समान मान होता असेही नव्हे. जातीभेदाच्या भिंती पाणवठ्यावरही उभ्या होत्याच. तरीही तळे राखण्याची गरज सर्वांस सारखी होती, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

१८९० च्या दशकात हेसरघट्टाहून नळाचे पाणी शहरात आले. पुढे १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी येऊ लागले. नळ ही मोठीच सोय. तिचे महत्त्व घागर घेऊन मैलभर चालणाऱ्या स्त्रीस विचारावे. परंतु दूरचे पाणी घरात येताच जवळच्या पाण्याची काळजी घेण्याचे कारण उरले नाही. तळी कोरडी पडली व त्यांच्या मोकळ्या जमिनीवर सर्वांचे लक्ष गेले. धर्माम्बुधी तळ्याच्या जागी आज शहराचे मध्यवर्ती बसस्थानक आहे. शूले तळ्याच्या जागी फुटबॉलचे मैदान झाले.

संपंगी तळ्याची कथा तर विशेष आहे. पेठ आणि इंग्रजांची लष्करी छावणी यांच्यामध्ये हे तळे होते. खालच्या बाजूच्या मळेवाल्यांस त्यात पाणी साठलेले हवे होते. छावणीतील पोलो खेळणाऱ्यांस त्याची जमीन कोरडी हवी होती. अखेर तळे आटविले गेले आणि आता तेथे कंठीरव क्रीडागार उभे आहे. क्रीडागार हीसुद्धा सार्वजनिक सोय आहे, हे कोण नाकारील? पण एक सोय दुसरीच्या जागी बसविताना कोणाची सोय गेली, हे नकाशावर उमटत नाही. त्याच क्रीडागाराजवळ मूळ तळ्याचा एक लहानसा तुकडा अजून कुंडाच्या रूपात राखलेला आहे. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या करग उत्सवाचे काही विधी येथे होतात. हा उत्सव मुख्यतः तिगळ या परंपरेने बागायती करणाऱ्या समाजाचा. त्याची मिरवणूक रात्री पेठेतून निघते आणि वाटेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यावरही थांबते. तळे गेले, तरी त्या तुकड्याने एका समाजाची आठवण आणि शहराची एक रात्र बांधून ठेवली आहे.

उद्यानांचा इतिहास निराळा आहे. लालबागेचा आरंभ हैदरअलीने १७६० साली केला. १८५६ मध्ये तिला शासकीय वनस्पती-उद्यानाचे रूप आले आणि १८८९ साली काचगृहाची पायाभरणी झाली. कब्बन उद्यान १८७० चे. ही दोन्ही राज्यकर्त्यांनी घडविली; परंतु लोकांनी ती आपली केली. कब्बन उद्यानाच्या आत शेषाद्री अय्यर स्मारक वास्तू आहे व तीत सार्वजनिक ग्रंथालय आहे. पुस्तक वाचून कंटाळलेला विद्यार्थी पायऱ्या उतरून थेट झाडाखाली येतो. ग्रंथालयासाठी याहून चांगली जागा या लेखकाच्या पाहण्यात नाही.

वस्तीच्या आखणीतच मोकळी जागा असावी, हा विचार मात्र एका आपत्तीने दृढ केला. ऑगस्ट १८९८ मध्ये शहरात प्लेग शिरला. दाट वस्तीच्या पेठेत, जेथे घरास घर लागून होते, तेथे त्याने हाहाकार केला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वसाहतींची कल्पना त्यापूर्वीच निघाली होती. प्लेगने तिला वेग दिला. सरळ रुंद रस्ते, घरांमागे सफाईसाठी गल्ल्या, आणि मधूनमधून मोकळ्या जागा व बागा अशी त्यांची रचना झाली. प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो हे तेव्हा नुकतेच कळू लागले होते व सर्वमान्य झालेले नव्हते. हवा आणि प्रकाश हाच उपाय, अशी नियोजकांची समजूत होती. कारण अपुरे समजले असतानाही उपाय बऱ्याच अंशी योग्य ठरला, असे विज्ञानाच्या इतिहासात कधी कधी घडते.

१९०८ साली लालबागेवर गुस्ताव क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ आले. त्यापूर्वी ते बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या पदरी होते. रस्त्यांच्या कडेस अशी झाडे लावावी की एकीचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा, ही योजना त्यांची. आज त्या शहरी फुलणारे जकरंदा, गुलमोहर, ताम्हण पाहून प्रवासी सौंदर्याची प्रशंसा करतो. पण झाडाचे खरे काम दुपारी दोन वाजता दिसते.

ते काम असे. पर्णसंभार सूर्यकिरणे अडवितो, त्यामुळे खालचा डांबरी रस्ता तापत नाही. शिवाय मुळांनी शोषलेले पाणी पानांतील सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती पाने व भोवतालची हवा यांतून घेतली जाते. मोठा वृक्ष दिवसात शंभर लिटर पाणी बाहेर टाकीत असेल, तर सुमारे ५८,००० किलोकॅलरी उष्णता त्याने खर्ची घातली असे होते. बंगळुरातील रस्त्यांवर केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झाडांच्या छायेतील हवेचे तपमान उघड्या रस्त्यावरील हवेपेक्षा ५.६ अंश सेल्सियसपर्यंत, आणि डांबराच्या पृष्ठभागाचे तपमान सुमारे २७ अंशांपर्यंत कमी आढळले. पायी चालणाऱ्यास, बोजा उचलणाऱ्यास आणि दिवसभर रस्त्यावर माल विकणाऱ्यास हा फरक प्रकृतीचा प्रश्न आहे. मोटारीतून जाणाऱ्यास तो कळतही नाही.

म्हणूनच उद्यान किती मोठे, याइतकेच ते किती जवळ, हे महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ साली दिलेल्या सल्ल्यानुसार, किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा घरापासून ३०० मीटरांच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या वाटेवर असावी. आणि जवळ असूनही ते बंद असेल, तर त्या अंतरास अर्थ नाही. बंगळुरात अनेक लहान उद्याने सकाळी व सायंकाळी फिरणाऱ्यांपुरती उघडत आणि भर दुपारी त्यांच्या फाटकांस कुलूप असे. ज्या वेळी सावलीची गरज सर्वाधिक, त्याच वेळी सावली कुलपात! २०२४ साली तेथील महानगरपालिकेच्या उद्यानांची वेळ पहाटे ५ ते रात्री १० अशी करण्यात आली. खर्च फारसा न होता एवढी मोठी सोय क्वचितच मिळते.

शहराच्या पूर्वेस सर्जापूर रस्त्यालगत कैकोंड्रहळ्ळीचे तळे आहे. भोवती नवी वस्ती वाढली तसे त्यात सांडपाणी शिरले आणि काठावर कचरा पडू लागला. रहिवासी व महानगरपालिका यांनी मिळून ते शुद्ध केले. २०११ च्या सुमारास त्यात पुन्हा पाणी व पाणपक्षी दिसू लागले. काठाला लागूनच सरकारी शाळा आहे. फिरण्याची वाट झाली, झाडे लागली. अशा वेळी बहुधा काय होते, तर तळ्याचे ‘सुशोभन’ होते आणि जुने गुराखी व कोळी बाहेर राहतात. येथे जनावरांसाठी चारा कापून नेणाऱ्यांस जागा राहू दिली गेली, हे या तळ्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. जोडे घालून वेगाने चालणारा नोकरदार आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेली स्त्री यांची वाट एकच आहे. त्यांच्यात मैत्री होतेच असे नाही. पण पाणी घाण झाले तर तक्रार दोघांची असते.

शाळांतील विद्यार्थ्यांना या विषयाचा अभ्यास आपल्याच गावी करता येईल. एक साधा तपमापक घ्यावा. दुपारी दोन वाजता तो जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, फुग्यावर थेट ऊन पडणार नाही अशा रीतीने धरून, प्रथम उघड्या रस्त्यावर आणि मग मोठ्या झाडाखाली पाच-पाच मिनिटे ठेवावा व दोन्ही आकडे लिहावे. हे तीन दिवस करावे. त्यानंतर जवळचा पार, तळे किंवा उद्यान निवडून सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत, पाळ्या लावून, दर तासास तेथील माणसे मोजावी: मुले किती, स्त्रिया किती, वृद्ध किती, कामावरून विसाव्यास आलेले किती. उद्यानास कुंपण असल्यास कुंपणाबाहेर, भिंतीच्या सावलीत बसलेल्यांसाठी वहीत एक वेगळा रकाना आखावा.