अर्धशिशी म्हणजे नखरे नव्हेत!

घरातल्या बाईचं डोकं दुखतंय म्हटलं, की बाकीच्यांची उत्तरं तयारच असतात. 'उपाशी राहिली असशील', 'उन्हात गेली असशील', 'फार विचार करतेस'. आणि ऐन सणाला दुखलं, तर 'कामाच्या वेळीच कसं गं दुखतं तुझं?' अर्धं डोकं ठणकतंय, मळमळतंय, फोडणीचा वास नकोसा झालाय, खिडकीतला उजेड डोळ्यांत टोचतोय, आणि तरीही पोळ्या लाटणारी बाई प्रत्येक गल्लीत सापडेल. आपल्या आज्या या दुखण्याला अर्धशिशी म्हणायच्या, डॉक्टर मायग्रेन म्हणतात.

बचतगटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "स्कॅन केला, त्यात काहीच निघालं नाही. तेव्हापासून घरचे म्हणतात, तुला काही झालेलंच नाही." मैत्रिणींनो, मायग्रेनमध्ये स्कॅन बहुधा नॉर्मलच येतो. म्हणून डोक्यात काही घडत नाही, असं मुळीच नाही. उलट, त्यात आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेचाही हात असावा, असं आता संशोधकांना वाटतं.

गंमत म्हणजे मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. ती कळते त्याच्याभोवतीच्या आवरणांना. चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या संवेदना नेणारी 'ट्रायजेमिनल' नावाची नस असते, तिचे तंतू या आवरणांतही पसरलेले असतात. झटका आला, की हे तंतू 'सीजीआरपी' नावाचं द्रव्य सोडतात. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचे निरोप मेंदूकडे जात राहतात.

याच आवरणांत 'मास्ट सेल' नावाच्या पेशी असतात. त्या आपल्या प्रतिकार यंत्रणेच्या पहारेकरी. ॲलर्जीमुळे शिंका येतात, अंगावर गांधी उठतात, ते याच पेशी हिस्टामिन सोडतात म्हणून. मायग्रेनमध्ये नसांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे हे पहारेकरी खवळत असावेत आणि त्यांच्या हिस्टामिनमुळे नसा आणखी चिडत असाव्यात, असा अंदाज आहे. म्हणजे जखम नाही, जंतू नाहीत, पण दाह मात्र होतो. दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असणाऱ्यांत मायग्रेन जास्त आढळतं, हेही याला जुळणारंच.

मग बायकांनाच जास्त का? वयात आल्यानंतर पुरुषांच्या सुमारे तिप्पट स्त्रियांना मायग्रेन होतं. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन एकदम उतरतं, तेव्हा अनेकींचं डोकं हमखास धरतं. गरोदरपणात पुष्कळजणींना आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणं परत येतं. मास्ट पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो, त्यामुळे या दोन्ही गोष्टींचा धागा जुळतो का, याचाही अभ्यास चालू आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. प्रतिकार यंत्रणा हेच मायग्रेनचं मूळ कारण, असं सिद्ध झालेलं नाही. आणि 'प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून डोकं दुखतं' हे तर अजिबात खरं नाही. इथे पहारेकरी झोपलेले नसतात, तर चोर नसताना आरडाओरडा करत असतात. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवा, अर्धशिशी घालवा' असं सांगून कुणी महागडी पावडर खपवायला आलं, तर दारातूनच परत पाठवा.

सीजीआरपीचा शोध मात्र खरंच उपयोगी पडला. २०१८ मध्ये अमेरिकेत एरेन्युमॅब या इंजेक्शनाला मंजुरी मिळाली. लस घेतल्यावर शरीर जशी प्रतिपिंडं तयार करतं, तशीच ही प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं. ती सीजीआरपीची वाट अडवतात. महिन्यातून एकदा ती घेतल्यावर अनेकांचे झटके कमी होतात, सगळ्यांचे नाही. औषध महाग आहे, पण वाट सापडली. ही वाट शोधणाऱ्या मॉस्कोविट्झ, एडविन्सन, गोड्सबी आणि ओलेसन या चौघांना २०२१ मध्ये 'ब्रेन प्राइझ' मिळालं.

आपल्या हातात काय आहे? एक छोटी वही. कोणत्या तारखेला दुखलं, पाळी कधी होती, झोप किती झाली, जेवण चुकलं का, गोळी कोणती घेतली, एवढं लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. दुकानातून आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. काही गोळ्यांची ही मर्यादा १० दिवसांवरच येते. दुखण्याआधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेघा येत असतील, तर गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अशा वेळी इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि क्षणात डोकं फुटेल असं दुखलं, तापाबरोबर मान आखडली, बोबडी वळली किंवा हातपाय लुळा पडला, तर ते मायग्रेन समजून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

एरवी झटका आला, की खोलीत अंधार करून निवांत पडा. घरच्यांनाही एकदा शांतपणे सांगा, की हे दुखणं शरीरात घडतं, मनात नाही. एखाद्या दिवशी कुकर दुसऱ्या कुणी लावला, तर घर काही अडत नाही.