अकरावीला इतिहास घेताय? मग एवढं वाचा

‘नव्वद टक्के पडूनही आर्ट्‌स? आणि त्यात इतिहास?’ दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न मामा-आत्यांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे विचारतात. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, माहिती मात्र बहुधा जुनी असते.

गैरसमज : इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला पाठ असलेली एक तारीख घेऊ. शिवरायांचा जन्म, १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख कुठून आली? जुन्या बखरींच्या आधारे पूर्वी १६२७ चा वैशाख धरला जाई. मग कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हीच तिथी सापडली. बखर उशिराची, शकावली त्रोटक, काव्य समकालीन पण दरबारी. यातलं कशाला किती वजन द्यायचं यावर विद्वान दशकानुदशकं भांडले. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी स्वीकारेपर्यंत एकविसावं शतक उजाडलं होतं. शिवाय ही तारीखही जुलियन कालगणनेची. आजच्या ग्रेगोरियन हिशोबाने तो दिवस १ मार्च येतो!

तारीख पाठ करणं ही या विषयातली सर्वांत किरकोळ गोष्ट. ती कशावरून ठरली हे तपासणं म्हणजे इतिहास. बालभारतीचं दहावीचं पुस्तकही आता इतिहासलेखनाच्या परंपरांपासून सुरू होतं आणि प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन असं फिरून ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनापर्यंत येतं.

गैरसमज : पुढे काय, मास्तरकीच ना?

इथे अर्धं खरं आहे, ते आधी सांगतो. केवळ इतिहासाच्या जोरावर मिळणाऱ्या नोकऱ्या मोजक्याच आहेत आणि प्राध्यापकीची वाट नेट-सेटनंतरही लांबलचक असते. पण बारावी आर्ट्‌सनंतर पाच वर्षांच्या विधी पदवीची सीईटी देता येते. पत्रकारिता, पुरातत्त्व, संग्रहालयशास्त्र याही वाटा खुल्या राहतात. यूपीएससीच्या पूर्व आणि मुख्य दोन्ही परीक्षांत इतिहास सगळ्यांनाच करावा लागतो. वैकल्पिक विषय म्हणून घेतला, तर मुख्य परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण त्याचे.

आणि जुन्या मराठी कागदपत्रांची मोडी लिपी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरं उघडली खरी, पण वाचणार कोण? तालुक्या-तालुक्यांत मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली. जमिनीच्या वादांतही जुने मोडी कागद निघतात.

गैरसमज : कमी गुणवाल्यांचा विषय, त्यात गुणही पडत नाहीत.

बारावीला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. गुण पडतात, पण पानं भरून नव्हे. ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाला कारण न देता गोष्ट सांगत बसलं, की गुण गेलेच.

गैरसमज : सायन्स घेतलं की इतिहास कायमचा सुटला.

नाही. बारावी सायन्स करूनही बीएला इतिहास घेता येतो. उलटा प्रवास कठीण. मेडिकल किंवा इंजिनीअरिंगची खरीच ओढ असेल, तर आर्ट्‌सला जाऊ नका.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरण्याआधी दोन कामं करा. प्रत्येक कॉलेजात आर्ट्‌सचे विषयगट वेगळे असतात, म्हणून तिथे इतिहास शिकवतात का, हे विचारून घ्या. आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर बारावीचं इतिहासाचं पुस्तक फुकट मिळतं, त्यातलं ‘वसाहतवाद आणि मराठे’ हे प्रकरण वाचा. कंटाळा आला, तर दुसरा विषय बघा. पुढचं प्रकरण आपसूक उघडलं गेलं, तर मामा-आत्यांना काय सांगायचं ते तुम्हाला कळलेलं असेल.