रेडिओ रिपेरीच ना?

खासबागपासून सांबऱ्याचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल काही लांब नाही. तिथूनच मी हवाई दलात गेलो, लढाऊ विमानांतल्या रेडिओ-रडारची देखभाल केली. गल्लीत म्हणायचे, "म्हणजे रेडिओ रिपेरीच ना?"

तसंच म्हणा! पण इथला बिघाड लपून बसतो. जमिनीवर सगळं ठाकठीक. वर हादरे आणि गारठा लागला की कनेक्टरची एखादी पिन दगा देते. वैमानिक सांगतो, रेडिओ मध्येच गेला. तपासावं तर आवाज खणखणीत. 'दोष आढळला नाही' लिहून मोकळं होणं सोपं असतं. मी पिन न् पिन बघायचो, मागावरचा तुटका धागा शोधावा तशी. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, नाहीतर अंगातल्या स्थिर विजेनंच सर्किट जायचं.

आता भरती अग्निवीर म्हणून, ४ वर्षांची. पुढं २५ टक्क्यांपर्यंतच कायम. हे घरी आधी बोला.

माझी सही झाली की त्याच विमानात वैमानिक चढायचा.