आलापल्लीहून भामरागडकडे

सायकलप्रवासी सह्याद्रीच्या घाटांत गर्दी करतात. परंतु १९८२ साली चंद्रपूरपासून विभक्त झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीहून सागवानाच्या अरण्यातून हेमलकशामार्गे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांच्या संगमावरील भामरागडकडे जाणारा सुमारे ६५ किलोमीटरांचा रस्ता ज्या निवांतपणाने प्रवाशाला सोबत करतो, तो मला कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणाहून अधिक मोलाचा वाटतो. मोटारीतून अरण्य केवळ दिसते; सायकलस्वाराला ते ऐकू येते, आणि चैत्राच्या सुमारास मोहफुलांचा गंध गावाआधी भेटतो.

ज्या बाबा आमट्यांनी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प स्थापला, त्यांच्याच १९८५च्या कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रेत तरुणांनी सायकलींवरून देश पाहिला, हे येथे आवर्जून आठवते.

एटापल्लीकडचा रस्ता मात्र टाळावा, कारण तेथे सुरजागडच्या लोहखनिजाच्या मालमोटारींची रहदारी असते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी आणि, या मुलखात अस्वलांचा वावर असल्याने, दिवस मावळण्याआधीच मुक्काम गाठावा.