तालमीसाठी धाव

मॅरेथॉन धावून संस्थेसाठी निधी उभा करायचा, तर धावणाऱ्याला आधी ओळखीच्या माणसांना शब्द द्यावा लागतो. अमुक रविवारी आपण इतके किलोमीटर धावणार आहोत, त्यानिमित्ताने या संस्थेला देणगी द्या, असे तो त्यांना सांगतो. धावण्यातून आपोआप पैसा निघत नाही. स्पर्धेचे प्रवेशशुल्कही आयोजकांकडे जाते. लोक देतात ते त्या शब्दावर विसंबून आणि त्यामागचे कष्ट पाहून. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गणपतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा होते, त्यामुळे मागण्यात इथे कोणाला परकेपणा वाटत नाही. मात्र वर्गणी मागायला मंडळ येते आणि इथे एकच माणूस आपल्या नावावर मागतो.

असा निधी ज्यांना फार गरजेचा आहे, त्यांत सर्वसमावेशक रंगभूमी येते. अंध, कर्णबधिर, चाकाच्या खुर्चीवरचे, स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेले कलावंत या रंगभूमीवर इतरांच्या बरोबरीने भूमिका करतात. गरिबीमुळे नाट्यगृहाची पायरी कधी न चढलेल्यांनाही ती आपल्यात घेते. लंडनमध्ये १९७४ पासून ‘चिकनशेड’ ही नाट्यसंस्था याच तत्त्वावर चालत आली आहे. मराठीत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाळा’ या संस्थेने मुंबईत विशेष मुलांना रंगमंचावर आणण्याचे काम अनेक वर्षे केले. स्वागत थोरात यांनी ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक १९ अंध कलावंतांना घेऊन बसवले.

या बाबतीत ठाणे मागे नाही. ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने इथे ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. वस्त्यांमधली मुले आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटिका रचतात आणि ‘नाट्यजल्लोष’ या महोत्सवात सादर करतात. मतकरी २०२० मध्ये कोरोनाने गेले, पण त्यांनी बालनाट्याच्या आयुष्यभराच्या अनुभवातून दिलेली ही देणगी ठाण्यासाठी अनमोल आहे. नौपाड्यातल्या ‘अभिनय कट्टा’ या नाट्य उपक्रमाचे किरण नाकती यांनी दिव्यांग कला केंद्र सुरू केले आणि तिथे विशेष मुलांना अभिनय, नृत्य आणि संगीत शिकवले जाऊ लागले.

या कामाला पैसा नेमका कुठे लागतो, हे नुसता प्रयोग पाहून कळत नाही. त्यासाठी तालीम पाहावी लागते. अंध नट विंगेतून निघतो तेव्हा मध्यापर्यंतची पावले मोजतो. रंगमंचाची कड कळावी म्हणून तिथे जाड चटई किंवा दोर अंथरला, तर पायाच्या तळव्याला ती लगेच जाणवते. संवाद कोणत्या दिशेला बोलायचा, हे तो समोरच्याच्या आवाजावरून ठरवतो. म्हणून सहकलाकाराने ऐनवेळी जागा बदलली की सगळी जुळणी विस्कटते. कर्णबधिर मुलीला प्रवेशाची खूण संगीतातून मिळत नाही. विंगेत उभ्या असलेल्या कोणीतरी हाताने इशारा करावा लागतो, किंवा दिवा बदलावा लागतो. स्वमग्न मुलाला स्पीकरचा एकाएकी मोठा होणारा आवाज सोसत नाही, म्हणून ध्वनीची पट्टी पहिल्या दिवसापासून बेताची ठेवावी लागते. एरवी महिनाभरात उभे राहणारे नाटक इथे कित्येक महिने घेते, आणि तेवढे दिवस तालमीची जागा, सांकेतिक भाषेचा दुभाषी, मदतनीस, सगळेच लागते.

प्रवासाचा खर्च तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. डोंबिवलीहून ठाणे लोकलने फार लांब नाही. दिव्यांगांसाठी गाडीत वेगळा डबाही असतो. पण फलाटावरची गर्दी पार करून त्या डब्यापर्यंत पोहोचायचे, ठाण्याला उतरून पूल चढायचा, पुढे रिक्षा मिळवायची. हे सगळे आई किंवा वडील सोबत असल्याशिवाय होत नाही. रोजंदारीवर काम करणाऱ्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. एखादे गुणी मूल तालमीला येईनासे होते, ते बहुधा या कारणाने. तिकीटविक्रीतून हा खर्च भरून निघणे अवघडच, कारण प्रयोग मोजके होतात आणि प्रेक्षकांत घरचे लोक बरेच असतात.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता देतो आणि सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचा हक्कही त्यात नोंदलेला आहे. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ही या पट्ट्यातली हक्काची नाट्यगृहे आहेत. मात्र कोणत्याही नाट्यगृहात चाकाच्या खुर्चीवरचा प्रेक्षक आत येऊ शकतो का, एवढे विचारून भागत नाही. चाकाच्या खुर्चीवरचा नट रंगपटातून रंगमंचावर कसा पोहोचेल, हेही विचारावे लागते.

महाराष्ट्रात धावेतून निधी उभारण्याचे सर्वांत मोठे निमित्त म्हणजे मुंबई मॅरेथॉन. ती २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पासून टाटांच्या नावाने ओळखली जाते. जानेवारीतल्या रविवारी होणाऱ्या या स्पर्धेत ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण आणि त्याच्या निम्म्या अंतराची अर्धमॅरेथॉन असते. दिव्यांगांसाठी छोट्या अंतराची वेगळी धावही असते. निधीसंकलनाचे काम ‘युनायटेड वे मुंबई’ पाहते. संस्था तिथे नोंदणी करतात, धावणारा त्यांतली एक निवडतो आणि देणग्या त्या व्यवस्थेतून संस्थेकडे जातात. जी नाट्यसंस्था या यादीत नाही, तिच्यासाठी ठाण्याच्या पावसाळ्यातल्या वर्षा मॅरेथॉनचे किंवा इतर कोणत्याही स्थानिक धावेचे निमित्त चालते. तिथे देणगी थेट संस्थेच्या बँक खात्यात जावी. धावणाऱ्याने ती स्वतःच्या खात्यावर घेऊ नये.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तिचे लेखापरीक्षण दरवर्षी होते का आणि देणगीदाराला देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळते का, हे आधीच विचारून घ्यावे. ही सवलत प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडणाऱ्यालाच मिळते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिल्यास मिळत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर पहिला निरोप टाकण्याआधी ही उत्तरे हाताशी असली, तर पुढचे बोलणे सोपे जाते.

मागताना आकडा छोटा आणि नेमका असावा. अर्धमॅरेथॉनच्या प्रत्येक किलोमीटरला १०० रुपये धरले, तर एका देणगीदाराचे साधारण २,१०० होतात. असे ५० जण मिळाले की १,०५,००० रुपये जमतात. ‘सामाजिक कार्याला हातभार लावा’ असे लिहिण्यापेक्षा ‘एका मुलाचा आणि त्याच्या आईचा तालमीचा प्रवासखर्च’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला पैसा कुठे जाणार ते दिसते. दयेचा सूर मात्र कटाक्षाने टाळावा. ही मुले नट आहेत, त्यांचे फोटोही भूमिकेतले असावेत आणि तेही पालकांची परवानगी घेऊन.

सराव किमान चार-पाच महिने आधी सुरू व्हावा. ठाण्यात उपवन तलावाचा परिसर आणि येऊरचा चढ, डोंबिवलीकरांना ठाकुर्लीचा ९० फुटी रस्ता सोयीचा. आठवड्यातून एक दिवस लांब पल्ल्याचा ठेवून अंतर हळूहळू वाढवतात. पूर्ण मॅरेथॉनसाठी ते ३० किलोमीटरच्या आसपास नेतात, कारण स्नायूंत साठलेली साखर साधारण त्याच सुमारास संपत येते आणि पाय जड होतात. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापते, म्हणून पहाटे उजाडण्याआधी निघणे आणि पाण्याबरोबर मीठ-साखर घेणे गरजेचे असते. ज्यांना हृदयविकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी मध्य रेल्वेने कल्याणहून पहाटे ३ च्या सुमाराची विशेष लोकल सोडण्याचा पायंडा पाडला आहे. छातीवर क्रमांक टाचलेले धावपटू त्या गाडीत केळी सोलत, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत बसलेले दिसतात. स्पर्धेच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाची धास्ती जुन्यांनाही असते.

धाव संपल्यावर दोन कामे उरतात. देणगीदाराला पावती आणि प्राप्तिकरासाठीचे प्रमाणपत्र संस्थेकडून मिळाले की नाही, याचा पाठपुरावा करायचा आणि किती जमले, कशावर खर्च झाले, याचे पत्रक सगळ्यांना पाठवायचे. त्या पत्रकासोबत प्रयोगाची तारीख आणि एखाद्या तालमीचे आमंत्रणही जावे. देणगीदार तालमीला येऊन बसला, की आपल्या २,१०० रुपयांतून रिक्षाने आलेला मुलगा विंगेपासून पावले मोजत मध्यापर्यंत येताना त्याला दिसतो.