पैलवानाचे हृदय आणि रक्तदाबाचे हृदय

कोल्हापुरात छातीला मान आहे. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले खासबागेचे मैदान १९१२ साली पुरे झाले. त्याच्याही आधीपासून रुंद छाती आणि भरदार दंड हे या नगरीत आरोग्याचे निःसंशय लक्षण मानले गेले आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत घडलेल्या मल्लांकडे पाहून हृदयविकाराची शंका सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. परंतु त्या छातीच्या आत काय घडते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला पडला आणि उत्तर शोधताना त्याने नेमके मल्लांनाच हाताशी धरले.

१९७५ साली अमेरिकेत मॉर्गनरॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुस्तीगीर व गोळाफेकपटू एका बाजूस आणि धावपटू व जलतरणपटू दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांची हृदये ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासली. शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, धावपटूंमध्ये आतून प्रशस्त झालेली आढळली. कुस्तीगिरांत पोकळी नेहमीएवढीच होती. भिंती मात्र जाड झाल्या होत्या. याचे कारण उघड आहे. जोर लावताना श्वास रोखला जातो, स्नायू आवळतात, आणि रक्तदाब एकदम चढतो. अवजड वजन उचलताना तो ३०० मिलिमीटरच्याही वर गेल्याचे मोजले गेले आहे. पुढील संशोधनात ही विभागणी तितकी काटेकोर ठरली नाही. पण भार जसा पडेल तसा हा स्नायू स्वतःला घडवतो, हे तत्त्व टिकले.

हाच न्याय आता कचेरीत बसणाऱ्या कारकुनास किंवा फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकास लावून पाहावा. मल्लाचे हृदय ही झुंज दिवसाकाठी थोडाच वेळ देते व मग विसावते. उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या हृदयाला ती अहोरात्र द्यावी लागते, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के व पुरुषांपैकी २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. अशा हृदयाची भिंतही जाड होते. प्रारंभी ते सोयीचेच असते, कारण वाढलेला ताण जाड भिंतीत वाटला जातो. परंतु पुढे स्नायुपेशींच्या मध्ये तंतुमय ऊतक साचते, भिंत ताठर होते, आकुंचनानंतर तिला नीट सैल पडता येत नाही. मग रक्त मागे तुंबते, फुप्फुसांतील दाब वाढतो आणि जिना चढताना दम लागतो. त्याचे खापर बहुधा वयावर फोडले जाते.

दोन्ही हृदयांच्या भिंती जाड; मग भेद कसा ओळखावा? इटलीतील पेलिच्चिया यांनी १९९१ साली ९४७ अव्वल खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी अवघ्या १६ जणांची भिंत १३ मिलिमीटर वा अधिक जाड होती. शिवाय खेळाडूचे हृदय जाड असूनही चपळाईने सैल पडते, आणि व्यायाम काही महिने थांबला की भिंत पुन्हा उतरते. रक्तदाबाने जाडावलेली भिंत केवळ विश्रांतीने उतरत नाही.

हे सारे दाखवणारी तपासणी लोकांच्या तोंडी ‘टू-डी इको’ म्हणून रुळली आहे. तिचा उगम जहाजांच्या गोदीत आहे, ही एक मौजेची गोष्ट. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली एडलर हे वैद्य आणि हर्ट्‌झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी माल्मोच्या गोदीतले, धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र हृदयाकडे वळवले. कार्डिओग्राम स्वस्त व उपयुक्त खरा; पण भिंतीची जाडी तो अप्रत्यक्षपणे सुचवतो आणि पुष्कळ वेळा चुकवतो. इकोत ती प्रत्यक्ष मोजता येते. मात्र मोजणारा हात कसलेला हवा. जवनिकेची पोकळी ४८ मिलिमीटर व भिंती १० मिलिमीटर असतील तर रूढ सूत्राने तिच्या स्नायूचे वजन सुमारे १७० ग्रॅम येते. दोन्ही भिंती एकेका मिलिमीटरने जाड धरल्या की तेच १९४ ग्रॅम होते. शरीराचे पृष्ठफळ १.६५ चौरस मीटर असलेला पुरुष एवढ्या फरकाने दर चौरस मीटरला ११५ ग्रॅम ही मर्यादा ओलांडून निरोग्यांतून रोग्यांत जातो! एमआरआयने वजन अधिक अचूक कळते, भिंतीतील तंतुमय भागही दिसतो. परंतु ती परीक्षा खर्चिक आहे आणि प्रत्येक रक्तदाबवाल्यास तिची गरज नाही.

वजनाची ही उठाठेव व्यर्थ नव्हे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत १९९० साली असे दिसून आले, की जवनिकेचे वजन जितके अधिक तितका हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका अधिक, रक्तदाबाचा आकडा हिशेबात धरूनही. आणि २००४ साली ‘लाइफ’ या औषधचाचणीतील ९४१ रुग्णांच्या इको तपासण्यांवरून उलट बाजूही स्पष्ट झाली: उपचाराने ज्यांच्या जवनिकेचे वजन घटले, त्यांच्यात मृत्यू, पक्षाघात व हृदयविकाराचे झटके कमी आढळले. ‘मला काही होत नाही’ म्हणून गोळ्या सोडून देणाऱ्या रुग्णास स्वतःच्या हृदयाची जाडावलेली भिंत पडद्यावर दाखवणे, हा या यंत्राचा एक मोठा उपयोग ठरावा.

आखाडा सुटलेल्या मल्लाचा प्रश्न वेगळाच. मेहनत थांबते, खुराक पुष्कळदा थांबत नाही. वजन वाढते आणि त्यामागोमाग रक्तदाब. त्याच्या हृदयाची जाड भिंत जुन्या मेहनतीची की नव्या रोगाची, हे इको सांगू लागेल. पण त्याआधी रक्तदाब नीट मोजलेला हवा. दवाखान्यातला नेहमीचा पट्टा त्याच्या दंडाला तोकडा पडतो आणि तोकडा पट्टा आकडा फुगवून दाखवतो. म्हणून तालमींच्या गावातील प्रत्येक दवाखान्यात मोठा पट्टा असणे अगत्याचे आहे, आणि त्याला इको यंत्राच्या मानाने खर्च असा काहीच येत नाही.