घोरणारा मनुष्य आणि त्याचें नाक

आपल्याकडे घोरण्याविषयीं विनोद जितका झाला आहे, तितका विचार झालेला नाहीं. कुंभकर्णाची उपमा देऊन घरांतील मंडळी मोकळी होतात, आणि ज्याला ती दिली जाते तो गृहस्थहि, आपल्या गाढ झोपेला मिळालेलें हें प्रशस्तिपत्रच आहे अशा समजुतीनें, मिशींतल्या मिशींत हंसतो. वस्तुस्थिति पुष्कळदां याच्या अगदीं उलट असते. मोठ्यानें आणि तुटक तुटक घोरणारा मनुष्य नीटसा झोपलेलाच नसतो. तो रात्रभर श्वासासाठीं झगडत असतो, आणि सकाळीं त्याला त्यांतलें कांहीं आठवत नाहीं.

या विकाराला डॉक्टर ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात; आपण त्यास निद्राश्वासरोध म्हणूं. झोपेंत घशाचे स्नायु सैल पडतात, जीभ मागें सरते, आणि घशाचा मऊ मार्ग चेपून बंद होतो. छाती वरखालीं होत असते, पण हवा आंत जात नाहीं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधीं त्याहूनहि अधिक काळ असा जातो. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो. मग मेंदू झोप चाळवतो, एक मोठा घरघराट होतो आणि श्वास पुन्हां सुरू होतो. पूर्ण वा अपुरे असे अडथळे तासाला पांचांवर गेले तर तो विकार समजावा, आणि तीसांवर गेले तर तो तीव्र, असें सामान्यतः मानतात. परिणाम म्हणजे दिवसां पेंग, सकाळीं जड डोकें, चिडचिड, औषधांना न जुमानणारा रक्तदाब, आणि पुढें हृदयाचे व मेंदूचे विकार. १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं संगीतकार बप्पी लाहिरी यांचें मुंबईंत निधन झालें, तेव्हां डॉक्टरांनीं सांगितलेल्या कारणांत याच विकाराचें नांव होतें. वर्तमानपत्रांच्या कित्येक वाचकांनीं तें त्या दिवशीं प्रथमच वाचलें असावें.

परंतु अडथळा घशांत होत असला तरी त्याची सुरुवात पुष्कळदां नाकांत असते, आणि तिकडे कोणी लक्ष देत नाहीं. रसवंतीगृहांत उसाचा रस पितांना कागदी नळी मऊ पडली असेल, तिचें खालचें टोंक कांहीं अंशीं बंद झालें असेल, आणि आपण जोरानें ओढूं लागलों, तर नळी मध्येंच चपटी होते. नाक चोंदलेल्या मनुष्याच्या घशाचें नेमकें हेंच होतें. श्वासमार्गांत हवेला जो विरोध होतो, त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या नाकांत होतो. नाक सुजलें कीं हवा जोरानें ओढावी लागते, आणि त्या ओढीनें घशाच्या मऊ भिंती आंत खेंचल्या जातात. निरुपायानें तोंड उघडलें, तर खालचा जबडा मागें जातो व त्याबरोबर जीभहि. शिवाय आडवें झाल्यावर नाकाचें अस्तर अधिक फुगतें, आणि वावड्याचा त्रास बहुधा उत्तररात्रीं व पहांटे बळावतो. नाकाचें वावडें, म्हणजे ज्यास आपण ‘माझी सर्दीचीच प्रकृति आहे’ असें म्हणून सोडून देतों तें, आणि घोरणें, हीं दोन दुखणीं एकाच वाटेवरचीं आहेत. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील पाहणीचा वृत्तान्त १९९७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत वावड्यानें नाक चोंदणाऱ्यांमध्यें मध्यम वा तीव्र श्वासविकार इतरांच्या १.८ पट आढळला होता.

आपल्या मुंबईची हवा या बाबतींत नाकाची मित्र नाहीं. धुळींत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा एक किडा असतो. तो आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, पाणी पीत नाहीं, हवेंतील ओलावाच शोषून घेतो. समुद्रकांठची ही दमट नगरी त्याला मानवते यांत नवल तें काय! गिरगांवांतील चाळीच्या खोलींत दिवसां गुंडाळून ठेवलेली कापसाची गादी आणि पावसाळ्यांत चार महिने ऊन न पाहिलेली गोधडी हें त्याचें माहेरघर होय. पूर्वीं पिंजारी दारावरून धनुकली वाजवीत जाई, तेव्हां निदान गादी उसवून कापूस उन्हांत तरी पडे. आतांची जाड गादी विकत घेतली कीं दहा वर्षें हलत नाहीं. पावसानें भिंतीवर चढणारी बुरशी ही दुसरी वैरीण. लालबाग-परळांत गिरण्यांच्या जागीं मनोरे उठले, गिरगांव-दादरखालून मेट्रोचा भुयारी मार्ग वर्षानुवर्षें खणला जाऊन २०२५ मध्यें पुरा झाला, शिवाजी पार्कावरील तांबड्या मातीविषयीं तर रहिवाशांची तक्रार जुनीच आहे. नुसती धूळ म्हणजे वावडें नव्हे. परंतु आधींच सुजलेल्या नाकास ती पुरेशी होते. आणि रागावूं नये तर सांगतों: ज्याचें अंथरूण देवघरापाशीं आहे, त्यानें रात्रीं उदबत्ती लावली नाहीं तरी देव कोपणार नाहीं.

हा विकार आपल्यांत किती आहे? दादरला लागून असलेल्या माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेली पाहणी २००४ मध्यें प्रसिद्ध झाली. नित्याच्या आरोग्यतपासणीसाठीं आलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची ती होती. त्यांत १९.५ टक्के लोकांना झोपेंत श्वासाचे अडथळे होते, आणि ७.५ टक्क्यांना त्यांसह दिवसां झोपहि येत असे. हे कोणी खाटेवरचे रोगी नव्हते; ऑफिसांत जाणारे, संसार चालविणारे लोक होते. तेथें मुख्य लागेबांधे आढळले ते वजनाशीं, मानेच्या घेराशीं आणि मधुमेहाशीं. म्हणून सारा दोष नाकाच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. नाक हा कटांतील एक भागीदार आहे, पण ज्याला घरच्याघरीं गांठतां येतें असा.

येथेंच एक मोठी चूक घडते. नाक चोंदलें कीं औषधांच्या दुकानांतून थेंबांची कुपी आणावयाची आणि रोज रात्रीं दोन थेंब घालून निजावयाचें, ही संवय अनेक घरांत आहे. हे थेंब पांचसहा दिवसांपलीकडे वापरले तर त्यांचा अंमल उतरतांच नाक पूर्वीपेक्षां अधिक फुगतें, आणि मनुष्य त्या कुपीचा दास होतो. वावड्यावर डॉक्टर देतात तो सौम्य स्टेरॉइडचा फवारा अगदीं वेगळा; तो कांहीं आठवडे नेमानें घ्यावा लागतो, व त्याचें टोंक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरतां बाहेरच्या बाजूस धरावें लागतें. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्यांनीं दिवसाची पेंग वाढतेच, आणि झोपेच्या गोळ्या व मद्य यांनीं घसा अधिकच सैल पडतो. जलनेतीनें वावड्याच्या नाकास खरोखर आराम पडतो. मात्र पाणी उकळून निववलेलें असावें, नळाचें तसेंच घेऊं नये. चादरी व अभ्रे आठवड्यास एकदां साठ अंशांच्या पाण्यांत धुतले म्हणजे तो किडा मरतो.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यांत वजनापेक्षां टॉन्सिल आणि नाकामागील अ‍ॅडिनॉइड ग्रंथि यांची वाढ हेंच बहुधा कारण असतें. तोंड उघडें ठेवून निजणारा, रात्रीं घामाघूम होणारा, अंथरूण ओलें करणारा आणि वर्गांत लक्ष नसणारा मुलगा मठ्ठ ठरतो. शिकवणी लावण्यापूर्वीं त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरास दाखवावें.

घोरणाऱ्याला स्वतःला कांहींच ठाऊक नसतें, म्हणून साक्ष घरच्यांचीच लागते. येथें एकत्र कुटुंबाची अडचण अशी कीं, जी ऐकते तिला बोलतां येत नाहीं. मामंजींचा श्वास मध्येंच थांबतो हें सुनेनें सांगावें कसें? आणि सासूबाई स्वतः घोरत असतील तर तो विषयच निघत नाहीं. बाईमाणसाचें घोरणें म्हणजे लाज! मासिक पाळी थांबल्यानंतर हा विकार स्त्रियांतहि वाढतो, पण त्यांचा थकवा घरकामाच्या खातीं जमा होतो. मुलानें वा नातवानें मोबाइलवर पांच मिनिटें तो आवाज टिपून डॉक्टरांस ऐकवावा. त्यांत कोणाचा अपमान नाहीं.

पुढची पायरी म्हणजे झोपेची तपासणी, जी आतां घरींहि होते. नाक मोकळें झाल्यानें झोप सुधारते, घोरणेंहि कांहीं अंशीं कमी होतें. पण तीव्र विकार नुसत्या फवाऱ्यानें वा नाकाचा पडदा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेनें सहसा जात नाहीं. त्यासाठीं हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारें यंत्र लागतें, जें सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनीं १९८१ मध्यें पुढें आणलें. त्याचा मुखवटा पाहून घरचीं मुलें पहिल्या रात्रीं हंसतात, आणि दुसऱ्या आठवड्यांत खोली शांत झाली म्हणून निजतात. तें यंत्र टाकून देणाऱ्यांपैकीं कित्येकांची तक्रार एकच असते, कीं नाक बंद असल्यामुळें हवा आंत जातच नाहीं. तेव्हां यंत्र घरीं आणण्यापूर्वीं नाकाचा इलाज सुरू करावा, आणि गणपतीला कोंकणांत जातांना फवारा व यंत्र दोन्ही सामानांत घ्यावीं.